अर्धशिशी रोखण्यासाठी रोजची गोळी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

डोके दुखू लागल्यावर घ्यायची गोळी वेगळी आणि डोके दुखूच नये म्हणून रोज घ्यायची गोळी वेगळी, असा ओझरता उल्लेख गेल्या अंकातील या सदरात आला होता. त्यावर मराठवाड्याच्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यातून पत्रे आली आणि बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येत होता : ज्या दिवशी डोके दुखतच नाही, त्या दिवशी औषध कशासाठी घ्यायचे? म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत. येथील माहितीच्या आधारे कोणीही स्वतःहून गोळी सुरू करू नये किंवा बंद करू नये. आपल्या डॉक्टरांपुढे बसल्यावर त्यांना काय विचारायचे आणि काय आवर्जून सांगायचे, हे कळावे एवढ्यासाठी ती द्यावीशी वाटली.

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यात शिक्षिका आहे, वय ३४. महिन्यातून सहा-सात वेळा डोक्याची एक बाजू ठणकते, उलट्या होतात, उजेड आणि वर्गातला गलका सहन होत नाही. डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल ही गोळी रोज दोन वेळा घ्यायला सांगितली. दहा दिवस घेतली, तेवढ्यात दोनदा डोके दुखले, म्हणून सोडून दिली. शिवाय मेडिकलवाल्याने ती रक्तदाबाची गोळी असल्याचे सांगितले आणि सासूबाई घाबरल्या. मला रक्तदाब नाही. मग ही गोळी मला का दिली, आणि एकदा सुरू केली की ती जन्मभराची होते का?

ताई, दुकानदाराने सांगितले ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. प्रोप्रॅनोलॉल हे औषध १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हृदयविकाराच्या रुग्णांसाठी तयार केले आणि पुढे १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे या शोधाचा मोठा वाटा होता. छातीत कळा येणाऱ्या रुग्णांना ते दिले जात असताना १९६६ मध्ये असे दिसून आले की त्यांच्यापैकी ज्याला अर्धशिशी होती त्याची डोकेदुखीही या औषधाने कमी झाली. हा योगायोग पुढे रीतसर चाचण्यांतून तपासला गेला, खरा ठरला, आणि आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे औषध अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी म्हणून नोंदलेले आहे. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी चुकून लिहून दिलेली नाही. अर्धशिशी रोखणारी जुनी औषधे बहुतेक अशीच आहेत : कोणते रक्तदाबासाठी, कोणते फेफऱ्यासाठी, कोणते नैराश्यासाठी निघाले आणि मग डोकेदुखीवर गुणकारी आढळले. पाकिटावर किंवा मोबाईलवर मूळ आजाराचे नाव वाचून घरातले धास्तावतात आणि चांगले चाललेले औषध सुटते, असे वारंवार घडते.

आता दुखत नसताना का घ्यायची, हे पाहू. अर्धशिशी असलेल्या माणसाचा मेंदू लहानशा कारणानेही चाळवतो. कडक ऊन, चुकलेले जेवण, जागरण, मासिक पाळीच्या आधीचे दोन दिवस, यांपैकी एखादे कारण घडले की चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या संवेदना वाहून नेणारी मज्जातंतूची यंत्रणा जागी होते, तिथे काही रसायने स्रवतात आणि ठणका सुरू होतो. एकदा ठणका सुरू झाला की प्रोप्रॅनोलॉलचा काही उपयोग नाही, त्यासाठी वेदनाशामक गोळीच लागते. रोजच्या गोळीमुळे मेंदूचे हे चाळवणे हळूहळू कमी होते, म्हणजे ज्या उन्हाने पूर्वी हमखास डोके धरायचे त्याच उन्हातून तुम्ही घरी आलात तरी अनेकदा काहीच होत नाही. हा बदल काही आठवड्यांत घडतो, आणि रोज औषध पोटात गेले तरच घडतो.

म्हणूनच दहा दिवसांवरून या गोळीची परीक्षा करता येत नाही. सहसा २० ते ४० मिलिग्रॅमवर सुरुवात करून, नाडी आणि रक्तदाब पाहत, दिवसाला ८० ते १६० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा नेतात, आणि योग्य मात्रा सुरू झाल्यावर किमान आठ आठवडे वाट पाहतात. तुम्ही थांबलात तेव्हा बहुधा सुरुवातीच्याच मात्रेवर होतात. दुसरे असे की यश म्हणजे डोकेदुखी साफ नाहीशी होणे, अशी अपेक्षा ठेवली तर पदरी निराशा येते. महिन्यातील दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तर औषध लागू पडले असे आम्ही मानतो. सहा-सातचे तीन झाले, त्या तिन्हींतही उलट्या कमी झाल्या आणि एका वेदनाशामक गोळीत दोन तासांत उठून कामाला लागता आले, तर तो मोठा फरक आहे. पण हा फरक नुसत्या आठवणीवर कळत नाही, कारण दुखलेला दिवस लक्षात राहतो आणि न दुखलेला राहत नाही. घरात भिंतीवर दिनदर्शिका असतेच. डोके दुखले त्या तारखेच्या चौकोनात एक फुली, त्या दिवशी वेदनाशामक गोळी घेतली असेल तर फुलीभोवती गोल, आणि पाळी सुरू झाली त्या दिवशी एक टिंब, एवढेच करावे. दुधाचा हिशेब जसा महिनाअखेरीस करता तशा या फुल्या मोजाव्यात, आणि महिना संपला की ते पान मागे न उलटता फाडून पिशवीत, डॉक्टरांकडे नेण्याच्या कागदांत ठेवावे. तीन महिन्यांची अशी तीन पाने समोर आली की पुढे काय करायचे ते डॉक्टरांना दोन मिनिटांत ठरवता येते.

हे औषध सुरू असताना थकवा जाणवणे, हातपाय गार पडणे, चित्रविचित्र स्वप्ने पडणे, एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे, हे त्रास होऊ शकतात. वैशाखात पारा ४२ अंशांच्या वर गेला आणि अंगातले पाणी कमी झाले की अंधारी जास्त येते, म्हणून उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावे आणि अंधारी वारंवार आली तर मात्रा तपासून घ्यावी. दमा असणाऱ्यांनी आणि नाडी फार मंद असणाऱ्यांनी ते घेऊ नये. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते आधी सांगावे, कारण साखर उतरल्यावर होणारी धडधड या औषधाने झाकली जाते. डोके दुखल्यावर घेण्यासाठी रिझाट्रिप्टान दिले असेल, तर प्रोप्रॅनोलॉलबरोबर त्याची मात्रा कमी ठेवावी लागते, हेही डॉक्टरांना आठवणीने विचारावे. महिनोन्महिने घेतलेली ही गोळी एका दिवसात बंद करायची नसते. तुम्ही लहान मात्रेवर दहाच दिवस होतात, त्यामुळे काळजीचे कारण दिसत नाही; मात्र पुन्हा स्वतःहून सुरू न करता त्याच डॉक्टरांकडे जा आणि दहा दिवसांत सोडली होती हे सरळ सांगा.

जन्मभराचे म्हणाल, तर नाही. महिन्यातून चार किंवा अधिक दिवस अर्धशिशीत जात असतील, किंवा दिवस कमी असले तरी तेवढ्यात माणूस पूर्ण आडवा होत असेल, तर प्रतिबंधक औषधाचा विचार करतात. ते लागू पडल्यावर सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून, मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत बंद करून पाहतात. अनेकांना त्यानंतरही बराच काळ आराम राहतो. काहींना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा काही काळ घ्यावे लागते.

प्रश्न : अंबड तालुक्यात माझी मोसंबीची बाग आहे, वय ४१. अर्धशिशीसाठी जालन्याच्या डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम रात्री झोपताना दिली. गुण चांगला आहे. पण शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या आठवड्यात मोटार चालू करायला उठावे लागते, तेव्हा गुंगी असते, पाय अडखळतो. त्या आठवड्यात गोळी बंद ठेवतो. मुलाने मोबाईलवर पाहून ही वेड्यांची गोळी आहे असे सांगितले. काय करावे?

आधी मुलाच्या शंकेविषयी. मनाच्या आजारांना कोणी वेड म्हणू नये, आणि नैराश्य बरे करणाऱ्या औषधाची लाज वाटण्याचेही कारण नाही. अमिट्रिप्टिलिन नैराश्यावर वापरतात हे खरे, पण त्यासाठी लागणारी मात्रा तुमच्या मात्रेच्या कितीतरी पट असते. १० ते ५० मिलिग्रॅमच्या छोट्या मात्रेत तेच औषध अर्धशिशी, मानेचा ताठरपणा आणि मोडलेली झोप या तिन्हींना उपयोगी पडते.

तुमची खरी अडचण गोळीच्या वेळेची आहे, आणि ती तुम्ही नेमकी लिहिली हे फार चांगले केले. एक आठवडा घ्यायची आणि एक आठवडा सोडायची, असे केल्याने औषधाचा परिणाम कधीच पुरता साचत नाही, आणि सोडलेल्या आठवड्यात जागरणही असल्यामुळे डोके दुखण्याची दोन कारणे एकत्र येतात. त्याहून मोठी काळजी मला अंधारात बांधावरून जाणाऱ्या, ओल्या हाताने स्टार्टरला हात लावणाऱ्या, गुंगीतल्या माणसाची वाटते. डॉक्टरांना हे सगळे असेच सांगा. काही जणांना झोपताना घेण्याऐवजी संध्याकाळी लवकर, सातच्या सुमारास गोळी घेतल्याने पहाटेची गुंगी कमी होते, पण मध्यरात्री उठायचे असेल तर तेवढ्याने भागणार नाही. अशा माणसाला झोप न आणणारे औषध अधिक सोयीचे. प्रोप्रॅनोलॉल किंवा कॅन्डेसार्टन यांचा विचार करता येतो. कॅन्डेसार्टन हेही रक्तदाबाचेच औषध असून अर्धशिशीवर त्याचा उपयोग चाचण्यांत दिसून आला आहे. बदल होईपर्यंत गोळी घेतलेल्या रात्री मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नका आणि दारू पूर्ण वर्ज्य ठेवा.

अमिट्रिप्टिलिनने तोंडाला कोरड पडते, शौचास घट्ट होते आणि वजन वाढू शकते. लघवीला अडखळत होणाऱ्या पुरुषांनी, काचबिंदू असणाऱ्यांनी आणि हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता असणाऱ्यांनी ती सुरू होण्याआधीच डॉक्टरांना तसे सांगायला हवे.

प्रश्न : मी नांदेडला एम.एस्सी. करते, वय २४. टोपिरामेट ५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ घेते. महिन्यातले दहा दिवस दुखणारे डोके आता दोन-तीन दिवसच दुखते. मात्र बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव विचित्र लागते, आणि बोलताना साधा शब्द आठवत नाही. पुढच्या महिन्यात माझे लग्न आहे. गोळी चालू ठेवू का? सासरी सांगू का?

तुमचे पत्र मी इतर पत्रांच्या आधी वाचून ठेवले, कारण येथे वेळ महत्त्वाची आहे. लग्नाआधीच, शक्यतो याच आठवड्यात, ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांना भेटा आणि लग्नाची तारीख सांगा. टोपिरामेट सुरू असताना गर्भ राहिला तर बाळाला दुभंगलेला ओठ किंवा टाळू असण्याचा आणि जन्मतः वजन कमी असण्याचा धोका वाढतो. बाळाचे ओठ आणि टाळू गर्भारपणाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत घडतात, बऱ्याचदा पाळी चुकल्याचे नीटसे लक्षातही आलेले नसते तेव्हा. म्हणून गर्भ राहिल्यावर गोळी बंद करू, हा बेत उशिराचा ठरतो. बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होत असावा असेही अभ्यासांत दिसू लागल्यावर युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये या औषधावरचे निर्बंध कडक केले. अर्धशिशीसाठी हे औषध घेणाऱ्या आणि गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रीने खात्रीशीर गर्भनिरोधन वापरलेच पाहिजे. त्यातही दोन गोष्टी ध्यानात असू द्या : टोपिरामेटमुळे, विशेषतः मात्रा मोठी असेल तर, गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, तांबीवर मात्र तसा परिणाम होत नाही, आणि डोके दुखण्याआधी तुमच्या डोळ्यांपुढे नागमोडी चकाकत्या रेषा येत असतील किंवा अर्धे दिसेनासे होत असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, कारण अशा अर्धशिशीत त्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

लवकर मूल हवे असेल तर टोपिरामेट हळूहळू उतरवून बंद करावे लागेल. बदली औषध म्हणून व्हॅल्प्रोएट कोणी सुचवले तर स्पष्ट नकार द्या. गर्भाला त्याचा धोका टोपिरामेटपेक्षाही जास्त आहे. गरज पडल्यास गर्भारपणात प्रोप्रॅनोलॉल किंवा अमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा देखरेखीखाली देता येते, आणि पुष्कळ स्त्रियांची अर्धशिशी गर्भारपणाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर आपोआपच शमते. फोलिक अॅसिडच्या गोळ्या गर्भ राहण्याच्या आधीपासून सुरू करायच्या असतात, तेही याच भेटीत विचारून घ्या.

मुंग्या आणि सोड्याची बिघडलेली चव हे या औषधाचे ओळखीचे आणि निरुपद्रवी परिणाम आहेत. शब्द न आठवणे मात्र शिकणाऱ्या मुलीला जाचक असते. ते सांगितले तर मात्रा कमी करता येते. या औषधाने घाम कमी येऊन अंग तापू शकते आणि मूतखडाही होऊ शकतो, त्यामुळे लग्नाच्या धावपळीत उन्हातून फिरताना पाण्याची बाटली जवळ असू द्या. डोळा अचानक दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागेल.

सासरी सांगावे का, याचा निर्णय तुमचा. माझे मत विचाराल तर होणाऱ्या नवऱ्याला लग्नाआधीच सांगा. मूल कधी हवे हा निर्णय तुम्हा दोघांचा आहे आणि औषध त्याच्याशी बांधलेले आहे. शिवाय लपवून घ्यायची गोळी पाहुण्यांच्या गर्दीत चुकते, चुकली की डोके दुखते, आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहिलेल्या नव्या सुनेबद्दल घरात नको ते बोलले जाते. अर्धशिशी हा मेंदूचा आजार आहे, स्त्रियांत तो पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो, आणि त्यात लपवण्याजोगे काही नाही.

प्रश्न : वसमतला माझ्या जावेला प्रोप्रॅनोलॉलने गुण आला. मलाही अर्धशिशी आहे. मला लहानपणापासून दमा आहे, पण आता क्वचितच उठतो. तिच्यातली गोळी घेऊन पाहू का?

घेऊ नका. या औषधाने श्वासनलिका आकसतात आणि शांत असलेला दमाही जोरात उठू शकतो. अर्धशिशीसाठी दुसरी औषधे आहेत. डॉक्टरांना दम्याचे आधी सांगा, डोकेदुखीचे नंतर.

प्रश्न : मी वडवणी तालुक्यातला, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आहे, वय ४६. दोन वर्षांपासून रोज डोके दुखते. मेडिकलमधून गोळी आणतो, ती सकाळी एक आणि दुपारी एक घेतली की दिवस निघतो. आता डॉक्टर म्हणतात ती बंद करा आणि दुसरी रोजची गोळी सुरू करा. रोजचीच गोळी घ्यायची, तर जुनीच काय वाईट?

भाऊ, तुम्ही पत्रासोबत पाठवलेला पट्टीचा तुकडा मी नीट पाहिला. दुकानदाराने कात्रीने चार गोळ्या कापून दिल्यामुळे नाव अर्धे उरले आहे, पण मागच्या बाजूला घटक वाचता येतात : अर्गोटामिन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीवरचे एक औषध. ही गोळी ठणका लागल्यावर कधीमधी घेण्यासाठी आहे. ती रोज घेतल्याने तुमची डोकेदुखी थांबत नसून टिकून राहिली आहे.

अशा मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान गटातील (रिझाट्रिप्टानसारखी) औषधे महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, आणि साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, याप्रमाणे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या गेल्या, तर औषधांमुळेच रोजची डोकेदुखी जडते. पहाटे गोळीचा अंमल उतरतो, डोके धरते, माणूस पुन्हा गोळी घेतो, आणि महिन्यातून चार-पाच वेळा येणारी अर्धशिशी तिसांपैकी तीस दिवसांवर जाते. अर्गोटामिनचा आणखी एक धोका आहे : ते रक्तवाहिन्या आकसवते. जास्त दिवस घेतल्यास हातापायांची बोटे गार, पांढुरकी पडणे, चालताना पोटऱ्यांत पेटके येणे असे त्रास होतात. आणि घशाच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी दिली जाणारी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके तिच्याबरोबर घेतली गेली तर हा परिणाम इतका वाढतो की बोटे गमावण्याची वेळ येऊ शकते. तुम्ही तंबाखूही खाता असे लिहिले आहे, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहिते. रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या, आणि छातीत दुखत असेल तर वाट पाहू नका.

जुनी गोळी बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस, दोनापासून दहापर्यंत, डोके पूर्वीपेक्षा जास्त दुखेल, मळमळेल, झोप लागणार नाही. हे आधी माहीत नसले की माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात जातो. म्हणून टोळी फडावर असताना हे करू नका. हंगाम संपून गावी आल्यावर, घरच्यांना सांगून, डॉक्टरांनी त्या दिवसांसाठी दिलेल्या औषधांच्या आधाराने करा. प्रतिबंधक गोळी त्याच वेळी सुरू करतात, आणि ती रोज घेऊनही अशी डोकेदुखी जडत नाही. जुन्या आणि नव्या गोळीतला फरक तो हाच. मेडिकलमधून यापुढे औषध आणताना कापलेली नव्हे, नाव दिसणारी पट्टी मागून घ्या.

प्रश्न : उदगीरला माझी आई असते, वय ६३. पाच-सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी फ्लुनारिझिन १० मिलिग्रॅम दिली होती. आराम पडला म्हणून त्याच चिठ्ठीवर ती आजही चालू आहे. अलीकडे तिचा हात थरथरतो, चालणे मंदावले आहे, आणि ती कोणाशी फारशी बोलत नाही. वयामुळे असेल का?

वयामुळे, असे धरून चालू नका. फ्लुनारिझिन आपल्याकडे अर्धशिशीसाठी सर्रास दिले जाते आणि ते गुणकारीही आहे, परंतु ते साधारण सहा महिन्यांपर्यंत देऊन थांबवायचे औषध आहे. जास्त काळ चालले तर, विशेषतः उतारवयात, हात थरथरणे, अंग ताठरणे, हालचाली मंदावणे अशी कंपवातासारखी लक्षणे आणि उदासी येऊ शकते. तुम्ही वर्णन केले आहे ते जवळजवळ तेच आहे. आईला लवकरात लवकर तपासून घ्या आणि चिठ्ठी व पट्टी दोन्ही सोबत न्या. औषध बंद केल्यावर ही लक्षणे बहुतेकांत काही महिन्यांत ओसरतात. तपासणीआधीच कंपवाताची गोळी कोणी वाढवून देणार असेल, तर फ्लुनारिझिन किती वर्षे चालू आहे ते त्यांना आवर्जून सांगा. पाळी थांबल्यावर पुष्कळ स्त्रियांची अर्धशिशी मंदावते, तेव्हा आईला आता प्रतिबंधक औषधाची गरज उरली आहे का, हेही पाहावे लागेल.

आणखी एक विचारून घ्या : हल्ली तिला पूर्वीपेक्षा वेगळी, कानशिलाला हात लावला तरी दुखेल अशी डोकेदुखी होते का, घास चावताना जबडा दुखतो का? पन्नाशीनंतर नव्याने आलेली डोकेदुखी अर्धशिशी समजून सोडून द्यायची नसते, कारण कानशिलाच्या रक्तवाहिनीच्या सुजेवर वेळेत उपचार न झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

प्रश्न : नवरात्रात मी नऊ दिवस उपवास करते आणि घटस्थापनेपासून चहाही सोडते. दरवर्षी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोके फुटायची वेळ येते. उपवासात रोजची गोळी चालते का? शेजारच्या आजी सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खायला सांगतात, त्याने फरक पडतो का?

गोळी पाण्याबरोबर घ्यावी. भवानीच्या उपवासाला त्याने बाध येतो असे मला वाटत नाही, आणि नऊ दिवसांचा खंड पडला तर मागच्या महिन्यांची मेहनत वाया जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच दुखते, यामागे उपाशी पोटाइतकाच एकदम सोडलेला चहाही आहे. रोज तीन-चार कप घेणाऱ्याने तो अचानक बंद केला की एक-दोन दिवसांत डोके दुखू लागते. घटस्थापनेच्या आठ दिवस आधीपासून एकेक कप कमी करत या, आणि उपवासात चार-चार तासांनी राजगिरा, भगर, ताक, फळे असे काहीतरी पोटात जाऊ द्या.

सूर्य चढेल तशी वाढणारी आणि कलेल तशी उतरणारी डोकेदुखी सुश्रुतसंहितेत सूर्यावर्त या नावाने सांगितली आहे, तेव्हा हा अनुभव फार जुना आहे. दूध-जिलेबीने रात्रभराचे रिकामे पोट भरते आणि साखर मिळते, एवढ्याने कोणाला बरे वाटत असेल तर मधुमेह नसणाऱ्याने खायला हरकत नाही. पण अर्धशिशीचा ठणका औषध न घेताही चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीतरी थांबतोच, आणि थांबण्याच्या आधी जे काही केले असेल, मग तो सुंठेचा लेप असो की मंत्र, त्याला त्याचे श्रेय मिळते. एखाद्या उपायाने खरोखर फरक पडतो का, हे महिन्याच्या फुल्या मोजूनच ठरवावे. डॉक्टरांच्या गोळीलाही मी हीच कसोटी लावते.

प्रश्न : महिन्यातून एकदा घ्यायचे नवे इंजेक्शन निघाले आहे असे ऐकले. माझ्या दोन गोळ्या करून झाल्या, फरक नाही. मी ते घ्यावे का?

अर्धशिशीच्या ठणक्यात सीजीआरपी नावाचे प्रथिन स्रवते, आणि ते प्रथिन किंवा ते जिथे चिकटते ती जागा अडवणारी ही इंजेक्शने आहेत. त्यांपैकी पहिल्या, एरेनुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि आता अशी औषधे भारतातही मिळतात. जुनी औषधे दुसऱ्या आजारांसाठी निघालेली होती. ही अर्धशिशीचाच अभ्यास करून तयार झाली, त्यामुळे गुंगी किंवा वजनवाढ असे त्रास त्यांत कमी आहेत. मात्र दर महिन्याचा खर्च हजारोंत जातो आणि उपयोग होतो की नाही हे कळायलाही काही महिने लागतात. महिन्यातील पंधरा किंवा अधिक दिवस डोके दुखणाऱ्यांसाठी बोट्युलिनम टॉक्सिनची, दर बारा आठवड्यांनी कपाळ, डोके व मानेत द्यायची इंजेक्शनेही आहेत.

त्याआधी दोन गोळ्यांना फरक पडला नाही म्हणजे काय झाले, हे तपासावे लागेल. प्रत्येक गोळी कोणत्या मात्रेपर्यंत गेली होती, त्या मात्रेवर दोन महिने राहिली होती का, आणि त्या काळात महिन्यातून किती दिवस वेदनाशामक गोळ्या घेतल्या जात होत्या? या तीन प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला, किंवा तुम्हाला जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात औषधवैद्यक विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात दाखवा. पुरेशा मात्रेत अजून न वापरलेली स्वस्त गोळी शिल्लक असेल तर ती आधी वापरून पाहता येईल, आणि तीही झाली असेल तर इंजेक्शनाचा खर्च किमान तीन महिने झेपेल का, याचा हिशेब घरी करूनच पहिली सुई टोचून घ्यावी.